जिजाईचा राग आणि मराठी पडद्यावरचा संसार

हालअपेष्टांतून निभावून गेलेल्या संसाराची गोष्ट सांगणारा चित्रपट आला की आपल्याकडे त्याचे कौतुक ठरावीक शब्दांत होते. ‘ती सावलीसारखी पाठीशी उभी राहिली’, ‘तिच्या त्यागाशिवाय तो घडला नसता’, ‘असे संसार आता पाहायला मिळत नाहीत’. परीक्षणांत हे शब्द येतात, सत्कार-समारंभांतल्या भाषणांत येतात आणि चित्रपटगृहातून बाहेर पडणारी ज्येष्ठ मंडळी बरोबरच्या तरुण जोडप्याला उद्देशून तेच बोलतात. या कौतुकामागची भावना खोटी नाही. गरिबी, नापिकी, आजारपण, समाजाने टाकलेला बहिष्कार यांतून दोन माणसे एकमेकांचा हात न सोडता बाहेर पडतात ही गोष्ट मोठीच आहे, आणि ती पडद्यावर पुन्हा पुन्हा यायला हवी असे माझे ठाम मत आहे. तक्रार आहे ती अशा चित्रपटांच्या एका सवयीबद्दल. त्यांत संकट दिसते, टिकून राहणे दिसते. पण त्या दोघांत झालेली भांडणे, एकाने दिलेला नकार, दुसऱ्याने घेतलेली माघार आणि संसार टिकवण्याचा भार कोणाच्या वाट्याला किती आला, हे बहुतेक वेळा दिसत नाही. ज्या घरात ‘नाही’ म्हणण्याची सोयच नाही, ते घर भक्कम आहे की नुसते अजून पडलेले नाही, हे बाहेरच्या माणसाला कळायला मार्ग उरत नाही.

हा मुद्दा चित्रपटरसिकांपुरता मर्यादित नाही. आपल्याकडे सिनेमातल्या संसाराचे दाखले खऱ्या संसारात दिले जातात. सासरी त्रास होतो म्हणून माहेरी आलेल्या मुलीची समजूत काढताना, वाद मिटवायला जमलेल्या नातेवाइकांच्या बैठकीत, लग्नात आशीर्वादपर बोलताना ‘त्यांनी किती सोसले, मग तुम्हाला एवढे जड का जाते’ असा सूर लावला जातो. सोसणारी बाई मोठी, हा धडा ज्या समाजात दाखल्यासह दिला जातो, तिथे तो दाखला कसा तयार झाला हे तपासून पाहणे आवश्यक ठरते.

मराठी चित्रपटाने या बाबतीत सुरुवात फार चांगली केली होती. प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत तुकाराम’ १९३६ साली आला. दामले आणि फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला, विष्णुपंत पागनीसांच्या तुकोबांमुळे घराघरांत पोचलेला आणि व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेलेला हा चित्रपट भक्तिपट म्हणून ओळखला जातो. माझ्या मते संसाराविषयीचा तो आपल्याकडचा सर्वांत प्रामाणिक चित्रपट आहे आणि त्याचे श्रेय गौरी या अभिनेत्रीने उभ्या केलेल्या जिजाईला जाते. ही जिजाई गप्प बसत नाही. ती मुलांवर ओरडते, म्हशीशी बोलते, नवऱ्याला फैलावर घेते आणि सर्वांत जास्त चिडते ती त्या काळ्या विठोबावर, ज्याने तिच्या मते तिचा नवरा पळवला आहे. घरात खायला दाणा नाही, मूल आजारी आहे आणि नवरा भजनात रंगलेला आहे, अशा वेळी ती एका हाताने मुलाला ओढत आणि दुसऱ्या हातात वहाण घेऊन थेट देवळात शिरते आणि देवालाच जाब विचारते. देवावर वहाण उगारणारी बाई भक्तिपटात दाखवण्याचे धाडस त्या काळात झाले आणि भाविक प्रेक्षकांनी तिच्यावर जीव लावला, ही गोष्ट आज, शब्दाशब्दाला भावना दुखावण्याच्या काळात, मुद्दाम आठवावी अशी आहे.

जिजाईच्या या रागाला परंपरेने कजागपणा म्हटले. ‘बाईल कर्कशा’ मिळाली हे बरेच झाले, असे खुद्द तुकोबांच्याच अभंगात आले आहे. पण त्याच गाथेत १६३० च्या सुमाराच्या दुष्काळाची आठवण आहे आणि त्या दुष्काळात त्यांची पहिली बायको ‘अन्न अन्न करितां मेली’ ही ओळही आहे. हे दोन उल्लेख एकत्र वाचले की जिजाईचा आरडाओरडा निराळा ऐकू येतो. ज्या घरात एक बाई भुकेने गेली, त्या घरात दुसरी बाई चूल सांभाळते आहे. शिवाजी महाराजांकडून आलेला नजराणा नवरा परत पाठवतो तेव्हा त्याचे वैराग्य जगाला दिसते. तिला उद्याची भाकरी दिसते. चित्रपट या दोघांपैकी कोणालाही खोटे ठरवत नाही. तुकोबांची निःस्पृहता तेवढीच खरी आहे जेवढी जिजाईची भूक, आणि या दोन खऱ्या गोष्टी एकाच छपराखाली राहतात. ती त्याला बोल लावते आणि त्याच्यासाठी भाकरीही करते. तो तिचे ऐकत नाही आणि तिच्यावर हातही उगारत नाही. शेवटी तो वैकुंठाला निघतो, तिलाही बोलावतो, आणि ती मुलांकडे कोण बघणार म्हणून मागे राहते. मराठी चित्रपटातल्या कोणत्याही पत्नीने याहून मोठा नकार दिल्याचे मला आठवत नाही. नवऱ्यावर तिचे प्रेम नाही म्हणून हा नकार आलेला नाही. तिची स्वतःची म्हणून एक जबाबदारी आहे आणि ती तिला वैकुंठाहून मोठी वाटते, म्हणून तो आला आहे.

त्याच प्रभातने पुढच्याच वर्षी, १९३७ साली, व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली ‘कुंकू’ काढला. शांता आपटे यांची नीरा म्हाताऱ्या विधुराशी फसवून लावलेले लग्न मानायलाच तयार नाही. एका चित्रपटातली बायको टिकते आणि दुसऱ्यातली झुगारते. पण दोघींनाही जीभ आहे. लागोपाठच्या दोन वर्षांत एकाच संस्थेने असे दोन चित्रपट द्यावेत, यावरून त्या काळच्या मराठी समाजात लग्नसंस्थेविषयी किती मोकळी चर्चा चालू असावी याचा अंदाज येतो.

पुढे ही जीभ आखडत गेली. सोशिक सून आणि तिचा छळ हा प्रकार मराठी पडद्यावर स्थिरावला आणि १९९१ च्या ‘माहेरची साडी’ने त्याला प्रचंड लोकप्रियता दिली. अलका कुबल यांच्या त्या भूमिकेसाठी गावोगावच्या बायका एकत्र जमून चित्रपटगृहांत गेल्या आणि रडल्या. त्या रडण्याची टिंगल करणाऱ्या शहरी समीक्षकांशी मी सहमत नाही. ज्या बायकांना स्वतःच्या घरात रडायला जागा नव्हती, त्यांना ती अंधाऱ्या चित्रपटगृहात मिळाली. हे लहान काम नव्हे. परंतु तिथे त्यांना जे मिळाले ते एवढेच होते. सासुरवास हा पाऊसपाण्यासारखा येतो आणि चांगल्या बाईने तो सोसायचा असतो, या समजुतीला चित्रपटाने कुठेही हात लावला नाही. त्यात नवरा-बायकोचा संसार असा नाहीच. एका बाईची सहनशक्ती आहे आणि भोवती माणसे आहेत. अशा चित्रपटांना ‘खंबीर संसाराची गोष्ट’ म्हणणे म्हणजे दोघांचे श्रेय एकीच्या जखमांवर लिहिणे आहे.

गेल्या काही वर्षांत मराठीत चरित्रपटांची लाट आली आणि तिच्याबरोबर संसाराचे चित्रण पुन्हा ठळक झाले. परेश मोकाशी यांचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ २००९ चा. दादासाहेब फाळके यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला, त्या वेडाने झपाटून विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढले, १९१२ मध्ये विलायत गाठली आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आणला, ही हकीकत शाळेतली मुलेही सांगतात. सरस्वतीबाईंचा त्यातला भाग मात्र ‘दागिने दिले’ एवढ्यावर आटोपला जात असे. प्रत्यक्षात त्यांनी फिल्मच्या कडांना भोके पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामे शिकून घेतली, चित्रीकरणाच्या वेळी उजेड परतवण्यासाठी पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहिल्या आणि एवढ्या साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही केला. आजच्या चित्रपटात ज्या कामांसाठी चार-पाच स्वतंत्र विभाग असतात ती कामे एका गृहिणीने केली. मोकाशींचा चित्रपट तिला नवऱ्याच्या कटातली साथीदार बनवतो आणि विभावरी देशपांडे यांनी ती भूमिका ज्या उत्सुक, चौकस डोळ्यांनी केली आहे, त्यामुळे तिच्या सहभागाला त्यागाचा वास येत नाही. तिलाही ते यंत्र कसे चालते हे जाणून घ्यायचे आहे. मला एवढेच वाटते की चित्रपटाच्या हसऱ्या ओघात तिची भीती मागे पडते. नवऱ्याची दृष्टी जायची वेळ आली, घरातले सामान एकेक करून बाहेर गेले, आणि पदरात लहान मुले. या बाईला एखाद्या रात्री झोप लागली नसेल, ती एखाद्या वेळी नवऱ्याला ‘पुरे झाले आता’ म्हणाली असेल, तर ते ऐकायला मला आवडले असते. त्याने फाळके लहान झाले नसते.

समृद्धी पोरे यांचा ‘डॉ. प्रकाश बाबा आमटे’ २०१४ साली आला. गडचिरोली जिल्ह्यातल्या हेमलकशाला १९७३ च्या डिसेंबरात लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला तेव्हा तिथे वीज नव्हती, रस्ता नव्हता आणि पावसाळ्यात जगाशी संबंध तुटत असे. तिथे गेलेले हे डॉक्टर जोडपे होते. मंदाकिनी आमटे या भूलतज्ज्ञ आहेत. माडिया आदिवासींवरच्या उपचारांत त्यांचा वाटा मदतनिसाचा नव्हता, डॉक्टरचा होता. २००८ चा मॅगसेसे पुरस्कार प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांना संयुक्तपणे मिळाला. फिलिपाइन्समधल्या एका संस्थेला दोन नावे दिसली आणि आपल्या चित्रपटाच्या नावात एकच राहिले. चित्रपटात सोनाली कुलकर्णी यांनी मंदाकिनीताईंना जो शांत ठामपणा दिला आहे तो मनापासूनचा आहे, प्रश्न त्यांच्या अभिनयाचा नाही. प्रश्न असा आहे की दोघांनी मिळून केलेल्या कामाची गोष्ट सांगताना आपली कथनाची सवय आपोआप एकाला नायक आणि दुसरीला साथ करून टाकते. नागपुरात शिकलेली एक तरुण डॉक्टर शहरातला व्यवसाय सोडून जंगलात जायचे ठरवते, तेव्हा तो तिचा स्वतःचा निर्णय असतो. त्या निर्णयाला पतिनिष्ठेच्या खात्यात जमा करणे हा तिच्यावर अन्याय आहे.

सर्वांत अवघड उदाहरण ‘आनंदी गोपाळ’चे. समीर विद्वांस यांच्या २०१९ च्या या चित्रपटावर लोकांनी भरभरून प्रेम केले, आणि त्यात प्रेम करण्यासारखे खूप आहे. नऊ वर्षांच्या मुलीचे तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठ्या असलेल्या गोपाळराव जोशींशी लग्न होते. चौदाव्या वर्षी तिला मूल होते आणि दहा दिवसांत जाते. ते दुःख गिळून ती वैद्यक शिकायचे ठरवते, १८८३ मध्ये एकटी समुद्र ओलांडते, १८८६ मध्ये पेनसिल्व्हानियातल्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी घेते आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात, वयाची बावीस वर्षेही पुरी होण्याआधी, क्षयाने जाते. समाजाने या जोडप्याला जेवढे छळले तेवढे क्वचितच कोणाला छळले असेल. गोपाळरावांच्या हट्टाशिवाय आनंदीबाई डॉक्टर झाल्या नसत्या, हेही खरे. पण त्या हट्टाला मारही होता. काशीबाई कानिटकरांनी लिहिलेल्या चरित्रात तो आहे आणि खुद्द आनंदीबाईंनी अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात त्याचा वर्षावार हिशेब आहे: लाकडाने मारणे, खुर्च्या आणि पुस्तके फेकणे, सोडून जाण्याची धमकी देणे, आणि हे सारे कोणत्या वयात झाले ते. त्या पत्रात त्या असेही लिहितात की हे सारे एका मुलीच्या वाढीला योग्य होते की नाही हे सांगणे कठीण आहे. आणि तरी त्या नात्याला नाकारत नाहीत.

माझ्या दृष्टीने त्यांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा प्रसंग तो आहे. शिकवणाऱ्या नवऱ्याने दिलेल्या भाषेतच, हजारो मैलांवरून, त्याच्या विद्यार्थिनीने त्याला त्याचे वागणे लिहून पाठवले. संसार म्हणजे काय आणि त्यात बरोबरी कशी येते, याचे यापेक्षा प्रभावी दृश्य पटकथाकाराला कोठे मिळणार? चित्रपट गोपाळरावांचा तापटपणा लपवत नाही, परंतु त्याची गाणी, त्याची लय आणि त्याचा शेवट प्रेक्षकाला एका प्रेमकथेकडे घेऊन जातात, आणि घरी परतताना बहुतेक जण ‘असा नवरा हवा’ असे म्हणत परततात. आनंदीबाईंनी स्वतः जो प्रश्न खुला ठेवला होता तो प्रेक्षकांसाठी मिटवला गेला. चरित्रपटाने सगळेच दाखवावे अशी अपेक्षा नाही. दोन-सव्वादोन तासांत काही गळणारच. तरी काय गळते यात एक सातत्य आहे, आणि नेमका पत्नीने घेतलेला हिशेबच दर वेळी गळत असेल तर त्याला वेळेची अडचण म्हणता येणार नाही.

थोरांचे संसार बाजूला ठेवून साध्या माणसांकडे वळले की चित्र बदलते. सतीश मन्वर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ २००९ मध्येच आला. विदर्भातला कोरडवाहू शेतकरी किसना, त्याची बायको अलका, म्हातारी आई आणि लहान मुलगा दिनू. शेजारच्या शेतकऱ्याने आत्महत्या केली आणि अलकाच्या मनात भीती बसली की आता आपल्या नवऱ्याचा नंबर. ती ही भीती त्याला बोलून दाखवू शकत नाही, कारण बोलल्याने ती कल्पनाच त्याच्या डोक्यात यायची. मग ती दुसरे मार्ग शोधते. पोराला बापाच्या मागे पाठवते, त्याला एकटे सोडू नकोस म्हणते. त्याच्या आवडीचे खायला करते, हसतमुख राहते, कुरकुर करत नाही. किसनाला कळत नाही की अचानक घरात हे काय चालले आहे. तो पावसाच्या, बियाण्याच्या, कर्जाच्या विवंचनेत आहे आणि पोरगे पायात पायात येते म्हणून त्याच्यावर खेकसतो. दुःखाचा एवढा मोठा प्रसंग आणि त्यात प्रेक्षक हसतो, कारण पाळत ठेवण्याचे ते खटाटोप खरोखर हसू आणणारे आहेत. गिरीश कुलकर्णी आणि सोनाली कुलकर्णी यांनी ही जोडी इतकी साधी ठेवली आहे की तिच्यात आपल्याला ओळखीचे घर दिसते.

संकटातला संसार म्हणजे नेमके काय असते, हे मला या चित्रपटाने ज्या स्पष्टपणे दाखवले तसे दुसऱ्या कशानेही नाही. इथे भाषण नाही, शपथ नाही, नवऱ्याच्या ध्येयासाठी केलेला होम नाही. एक बाई नवऱ्याला जिवंत ठेवण्याचे काम करते आहे आणि ते काम दिवसभराच्या बाकीच्या कामांच्या वर आहे. आणि चित्रपट पाहणाऱ्या मराठी माणसाला हेही ठाऊक असते की ती हरली तर पुढे काय. मृत शेतकऱ्याच्या कुटुंबाला सरकारकडून मिळणाऱ्या एक लाख रुपयांसाठी प्रकरण ‘पात्र’ ठरते की ‘अपात्र’ हे समितीपुढे जाते. कर्ज कोणाचे होते, सातबारा कोणाच्या नावे होता, आत्महत्येचे कारण शेतीच होते का, असे प्रश्न विचारले जातात. आणि जमीन सासऱ्याच्या किंवा दिराच्या नावावर असेल तर त्या बाईचे त्या घरातले स्थानच डळमळते. अलकाच्या भीतीत प्रेम आहे आणि हे सगळेही आहे. प्रेमात व्यवहाराची काळजी मिसळली म्हणून ते कमी शुद्ध होते असे मानणारी माणसे एकतर फार सुखात वाढलेली असतात किंवा त्यांनी संसार जवळून पाहिलेला नसतो.

राजेश पिंजानी यांच्या ‘बाबू बँड बाजा’मध्येही असेच एक जोडपे आहे. नवरा बँडमध्ये वाजवणारा, पोराने आपल्याच धंद्यात यावे असे म्हणणारा. बायको जुन्या कपड्यांवर भांडी देत दारोदार फिरणारी आणि पोराने शिकलेच पाहिजे म्हणून हटून बसलेली. मिताली जगताप यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो योग्यच होता. हे दोघे चित्रपटभर भांडतात. त्यांचे भांडण दारूचे किंवा दुसऱ्या बाईचे नाही, भविष्याचे आहे, आणि दोघांचीही बाजू समजण्यासारखी आहे: ज्याच्या पिढ्यान्‌पिढ्या वाजवण्यात गेल्या त्याला शाळेवर विश्वास का वाटावा? तरीही शेवटी हे एक घर आहे, याविषयी प्रेक्षकाला शंका वाटत नाही. जिजाईचा राग मराठी चित्रपटातून नाहीसा झालेला नाही, हे अशा चित्रपटांमुळे कळते. तो मोठ्या माणसांच्या घरांतून हद्दपार झाला आहे आणि गरिबांच्या घरांत शिल्लक आहे.

यावर दोन बाजूंनी आक्षेप येतात आणि दोन्ही आक्षेप घेणाऱ्यांविषयी मला आदर आहे. एक आक्षेप जुन्या वळणाच्या लोकांचा: नवरा-बायकोत हिशेब आला की प्रेम संपले. पण हिशेब मांडला जात नाही तेव्हा तो नसतो असे नाही. तो एकीच्या मनात साठत राहतो. ज्यांनी आपल्या आजी-आईला उतारवयात, नवरा गेल्यानंतर, पहिल्यांदा मोकळेपणाने बोलताना ऐकले आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. पन्नास वर्षांच्या संसाराविषयी ती माउली जे सांगते त्यात प्रेम असते आणि न फिटलेली देणीही असतात, आणि ती दोन्ही एकाच वाक्यात येतात. चित्रपटाने त्यातले एक उचलून दुसरे टाकून द्यावे, याला मी तिचा सन्मान म्हणणार नाही.

दुसरा आक्षेप स्त्री चळवळीतल्या मैत्रिणींचा: टिकणाऱ्या संसाराचे गोडवे गाणारे चित्रपट हवेतच कशाला, बायकांना बाहेर पडण्याचे बळ देणारे चित्रपट करा. जब्बार पटेल यांच्या ‘उंबरठा’ने १९८२ साली ते बळ दिले, आणि स्मिता पाटील यांची सुलभा घर सोडते तेव्हा आपल्या समाजाने जी अस्वस्थता अनुभवली ती आवश्यकच होती. पण सोडून जाण्याचा निर्णय जेवढ्या गांभीर्याने दाखवला गेला तेवढ्याच गांभीर्याने राहण्याचा निर्णयही दाखवला जावा, असे माझे म्हणणे आहे. राहणारी प्रत्येक बाई दबलेली असते असे नाही, आणि टिकून राहणारा प्रत्येक पुरुष मालक असतो असेही नाही. आजारी बायकोची वर्षानुवर्षे सेवा करणारे, तिच्या बदलीच्या गावी स्वतःची नोकरी सोडून गेलेले, जातीबाहेर लग्न केल्यामुळे गावाने टाकल्यावरही न डगमगलेले पुरुष आपल्या अवतीभवती आहेत. त्यांच्यावर चित्रपट जवळजवळ निघत नाहीत. पुरुषाचे सोसणे पडद्यावर आले की ते देशासाठी, कलेसाठी किंवा आईसाठी असते. बायकोसाठी फार क्वचित. या उणिवेने बायकांचे जेवढे नुकसान होते तेवढेच पुरुषांचेही होते, कारण चांगला नवरा कसा असतो याचे चित्र मुलांना कोठेही पाहायला मिळत नाही.

मग कोणत्या संसारांकडे मराठी चित्रपटाने आता वळावे? मला दोन गोष्टी सुचतात आणि दोन्ही आपल्याच मातीतल्या आहेत. पहिली ऊसतोड कामगारांची. बीडसारख्या जिल्ह्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे जातात. मुकादम जी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती बहुतेक वेळा जोडप्याला, आणि त्या जोडप्याला ‘एक कोयता’ म्हणतात. नवरा आणि बायको मिळून एक कोयता: तो तोडतो, ती मोळ्या बांधते, दोघे मिळून गाडी भरतात. पहाटे तीनला उठून चूल पेटवण्याचे काम तिचे, खाडा झाला तर कपात दोघांची, आणि उचल हातात पडते ती सहसा त्याच्या. बायका आजारपणातही फडात का उभ्या राहतात आणि गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत का पोचला, याचे एक उत्तर या खाड्यात आहे. लग्न हे जिथे अक्षरशः मजुरीचे एकक आहे, तिथे प्रेम कसे असते? ते असते, हे त्या कोप्यांवर, म्हणजे कामगारांच्या झोपड्यांवर, जाऊन आलेला कोणीही सांगेल. उसाने हात कापलेल्या बायकोच्या वाटणीच्या मोळ्या उचलणारा नवरा तिथे असतो आणि उचलीचे पैसे उडवून आलेला नवराही तिथेच शेजारच्या कोपीत असतो. या दोन कोप्यांमधला फरक कशामुळे पडतो, हा प्रश्न घेऊन कोणी चित्रपट करायला बसले तर त्याला ‘त्याग’ हा शब्द पुरणार नाही.

दुसरी गोष्ट लक्ष्मीमुक्तीची. १९८९-९० च्या सुमारास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने शेतकऱ्यांना आवाहन केले की आपल्या जमिनीतला हिस्सा स्वेच्छेने बायकोच्या नावे करा. कायद्याची सक्ती नव्हती, अनुदान नव्हते, आणि तरी गावेच्या गावे यात उतरली. या मोहिमेवर भाषणे झाली, लेख झाले; चित्रपट माझ्या पाहण्यात नाही. अंगावरच्या कर्जापायी ज्याची जमीन ही एकुलती एक पत होती, त्या माणसाने ती पत बायकोबरोबर वाटून घेतली. त्या निर्णयाआधी त्या घरात रात्री काय बोलणे झाले असेल, भावाने काय टोमणा मारला असेल, ‘उद्या ती माहेरी निघून गेली तर?’ हा प्रश्न कोणी कोणाला विचारला असेल, तलाठ्याकडे जाताना ती बरोबर होती की घरीच राहिली, सातबाऱ्यावर नाव चढल्यावर तिने कर्जाविषयी, पिकाविषयी पहिल्यांदा केव्हा तोंड उघडले आणि तेव्हा तो गप्प राहिला की चिडला, यातला एकेक प्रसंग पटकथेत घेण्यासारखा आहे. त्या बायका आज साठी-सत्तरीत आहेत, त्यांतल्या कित्येक अजून शेतात जातात, आणि विचारले तर सगळे नीट आठवून सांगतील. कोणी दिग्दर्शकाने त्यांच्याकडे जायचे असेल तर ते येत्या दोन-चार वर्षांतच जायला हवे.